आतलं इंजिन, बाहेरची मोटर

उजनी भरल्याची बातमी आमच्या घरात दरवर्षी मोठ्यानं वाचली जाते. वाचणारे आमचे हे एकटेच आणि ऐकणारी मी एकटीच, पण आवाज असा, की शेजारच्या बंगल्यातही धरणाचा साठा कळावा. परवाही तसंच झालं. पेपर गुडघ्यावर, चष्मा कपाळावर. "भरलं बरं का," हे म्हणाले. मी पोह्यांवर पाणी शिंपडत होते. "ऐकलं," म्हटलं. धरण भरलं की आम्हा दोघांना एकच हिवाळा आठवतो, आणि त्या हिवाळ्याचा विषय आम्ही होता होईतो काढत नाही.

त्या हिवाळ्यात आमच्याकडं शिडाची एक बोट होती. खरीखुरी, डोलकाठी असलेली. सोलापुरात हे वाक्य उच्चारून बघा, समोरचा आधी तुमच्या तोंडाकडं बघतो. इथं चादरी असतात, शेंगाची चटणी असते, ऊन तर असतंच असतं. पाण्याचा विषय निघालाच तर तो नळाचा असतो. अशा गावात राहणाऱ्या बाईच्या नवऱ्यानं बोट घ्यावी, आणि तीही आतलं इंजिन मेलेली, हे माझ्या माहेरी बरेच दिवस कुणाला पटलंच नव्हतं. नव्या पेठेत कापडाचं दुकान चालवणारा माझा धाकटा भाऊ मल्लू म्हणाला होता, "अक्का, दाजींना म्हणावं, हौसच असंल तर स्कूटर घ्या की."

आमचे हे मूळचे बार्शीचे. घरी भुसारीचा धंदा. ज्वारी-तुरीच्या पोत्यांवर बसून अभ्यास केलेला मुलगा बोटीवर इंजिनियर कसा झाला, हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. पण झाले, आणि नोकरीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांच्या पोटात काढली. सहा-आठ महिने पाण्यावर, दोन-तीन महिने घरी. जहाजाचं इंजिन तीन मजली असतं, असं मी शाळेत सांगायचे तेव्हा वर्गातल्या मुली डोळे मोठे करायच्या. मी कन्याशाळेत शिकवत होते, आमची मुलगी वाढवत होते, सासरची-माहेरची आजारपणं, लग्नं, बारशी निभावत होते. लोक हळहळून विचारायचे, करमतं का हो एकटीला. मीही चेहरा तसाच करून म्हणायचे, काय करणार. खरं सांगायचं तर मला फार छान करमायचं.

पुढं मुलगी नोकरीला पुण्याला गेली, मी निवृत्त झाले, आणि एक आख्खं वर्ष मला माझं घर मिळालं. त्या वर्षाबद्दल मी कुणाला काही सांगितलेलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही घडलंच नाही. जेवलेलं ताट वाटलं तर तसंच ठेवायचं. तिन्हीसांजेला दिवा न लावता ओसरीवर बसून राहायचं. कोण आलं, कोण गेलं, कुणाला काय हवं, हा हिशेब डोक्यातून निघून गेला होता. मग एका उन्हाळ्यात हे कायमचे घरी आले.

कायमचे हा शब्द मी आधी कधी नीट ऐकलाच नव्हता. सुट्टीवर आलेला नवरा पाहुण्यासारखा असतो, त्याच्या आवडीचं करावं, चार गावं फिरवून आणावं आणि बॅग भरून द्यावी. हा पाहुणा जाईना. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मग डब्यांवर चिठ्ठ्या आल्या. तूरडाळीच्या डब्यावर तूरडाळ असं लिहिलेलं बघून मला हसावं की रडावं कळेना, कारण तो डबा मी डोळे मिटून काढू शकत होते. मिक्सर लावला की हे हॉलमधून उठून यायचे आणि मिक्सरवर तळहात ठेवून उभे राहायचे, डोळे मिटून, जणू कुणाचा ताप बघताहेत. "बेअरिंग जाणार हिचं," असं सांगून पुन्हा खुर्चीत जाऊन बसायचे. मी मल्लूशी फोनवर कानडीत बोलायला लागले की मोठ्यानं लावलेला टीव्ही बंद करून ऐकत राहायचे. कानडीचा एक शब्द त्यांना कळत नाही. आमच्या माहेरच्या भाषेत मी जरा दार लावून बसायचे, तर ते दारापाशीच खुर्ची टाकून बसलेले.

त्यांचंही काही सुखाचं चाललं नव्हतं. संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारायचे, त्याही कठड्याला लागून, चारी कोपरे नीट गाठत. एकदा मी वाळवण गोळा करायला गेले, तर हे टाकीला टेकून विजापूर रोडच्या दिव्यांकडं बघत उभे होते. "इथून काहीच हलत नाही," म्हणाले. रस्त्यावरून ट्रक, रिक्षा, सगळं हलत होतं. त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं. घर हलत नव्हतं.

गणपतीच्या सुमारास त्यांना फोन आला. फोन त्यांनी गच्चीवर जाऊन घेतला आणि जेवताना सांगितलं, "कंपनी विचारतेय. वर्षभराचं काम आहे. उन्हाळ्यात चढायचं." मी भाकरी मोडत होते. "मग?" "बघू."

या बघूवर माझा तो आख्खा हिवाळा लटकला. त्यांनी जावं, असं मला वाटत होतं. आत्ताही लिहिताना हात जड होतो, पण वाटत होतं ते वाटत होतं. त्यांच्यावर राग नव्हता. भांडणही नव्हतं. ते घरात होते, एवढंच. रोज देवापुढं हात जोडताना मी स्पष्ट काही मागत नव्हते, सगळ्यांचं बरं कर म्हणत होते, आणि सगळ्यांचं बरं म्हणजे काय हे देवाला कळत असणारच.

बोट त्याच दिवसांतली. कोकणात कुणीतरी विकायला काढली होती. घाट चढून, ट्रकवर आडवी पडून ती आली. डोलकाठी वर बांधलेली, तिच्या टोकाला लाल फडकं. सोलापुरात पाणी कुठलं, म्हणून करमाळ्याकडच्या एका गावात, उजनीच्या फुगवट्याच्या काठी तिला उतरवलं. गाव सगळं बघायला आलेलं. त्या गावात पोपट नावाचा मासेमारी करणारा गृहस्थ आहे, आमच्याच वयाचा. बोटीवर लक्ष ठेवायचं त्यानं कबूल केलं. बोटीची पाहणी करून तो काठावर बसला आणि तंबाखू मळत राहिला.

आतलं इंजिन बंद आहे हे विकणाऱ्यानं सांगितलेलं होतं. थोडं काम आहे, असं तो म्हणाला होता. आमच्या यांना थोडं कामच हवं होतं. पितृपक्षात नवं काही सुरू करू नये म्हणतात, पण आमचे हे त्या पंधरवड्यात रोज बोटीच्या पोटातल्या चौकोनी भोकात डोकं खाली, पाय वर, असे असायचे. मी काठावर बाभळीखाली चटई टाकून बसायचे. खारं पाणी आत शिरून इंजिनाचे सगळे भाग एकमेकांना चिकटून गेले होते. तापवून झालं, तेल सोडून झालं, ठोकून झालं. तीन मजली इंजिनं ज्यांनी सांभाळली, त्यांना सुटकेसएवढ्या इंजिनानं दाद दिली नाही. एके दिवशी ते वर आले, काळ्या हातांनी काठावर बसले आणि बराच वेळ पाण्याकडं बघत राहिले. मला त्यांची दया आली. ती मी दाखवली नाही, दाखवली असती तर ते जेवले नसते.

"काढून टाका की सायेब," पोपट म्हणाला. "भंगारात जाईल. बोट तेवडीच हलकी हुईल."

"नाही. होईल ते. सध्या दुसरं काहीतरी लावू."

दुसरं काहीतरी म्हणजे बाहेरची मोटर. बोटीच्या शेपटीकडं लोखंडी कंस ठोकून त्यावर अडकवलेली, खाली लांब दांडा, दांड्याला पंखा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं आणि दोरी ओढून सुरू करायचं. एका ओढीत ती कधीच सुरू झाली नाही. पोपटनं सगळा सरंजाम एकदा नीट बघितला. "इंजिन आत हाय, मोटर भाईर हाय, वर शीड हाय. सायेब, जायाचं कशानं?"

हे हसले नाहीत. मी मात्र चटईवर तोंडाला पदर लावला.

खंडेनवमीला आम्ही मुद्दाम तिथं गेलो. यांनी मेलेल्या इंजिनाला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मोटरीला काहीच नाही. ती तात्पुरती. पोपटची बायको पारूबाई खोबऱ्याचा तुकडा चघळत हे सगळं बघत होती. यांची पाठ वळली तशी तिनं माळेतलं एक फूल तोडून मोटरीच्या मुठीत खोवलं. "राबतिया ही, आन माळ त्येला," एवढंच ती मला म्हणाली.

आता त्या मोटरीची एक खोड सांगायला हवी, कारण त्या हिवाळ्यात आमचं सगळं त्या खोडीवर चाललं. आतल्या इंजिनाचा पंखा बोटीच्या पोटाखाली खोल असतो. बाहेरच्या मोटरीचा असतो शेपटीच्या मागं, उथळ. पुढं कुणी जाऊन बसलं, की बोटीचं नाक खाली जातं, शेपटी वर येते आणि पंखा पाण्याबाहेर. मग मोटर नुसती किंचाळते आणि बोट जागच्या जागी. आणि मी पुढं जाणारच. काठ जवळ आला की पर्स काखेत मारून उठायचं आणि पुढच्या बाजूला जाऊन उभं राहायचं, हे माझ्या अंगात भिनलेलं. आमच्याकडचं कुठलंही माणूस एसटीतून तसंच उतरतं. स्टँड दिसायच्या आधी सगळी बस दाराशी. मी उठले की शेपटी वर, मोटर किंचाळायला लागलेली, आणि काठ हातभर दूर असूनही आम्ही तिथंच.

"तू मागं बस," हे म्हणायचे. "माझ्याशेजारी. तुझं वजन मागं पाहिजे."

लग्नानंतर इतक्या वर्षांनी नवऱ्यानं शेजारी बस म्हणावं, तर त्याचं कारण वजन. मी मल्लूला हे सांगितलं तेव्हा तो दुकानातल्या गादीवर लोळून हसला. पण पुढं पुढं ते काठाजवळच नाही, मधोमध असतानाही म्हणायला लागले. मी जरा पुढं सरकले, पक्षी बघायला म्हणून, तरी लगेच, मागं बस. आणि अधूनमधून विचारायचे, "आवाज कसा आहे?" मी म्हणायचे, ठीक आहे. कधी म्हणायचे, जरा घुसमटल्यासारखा येतोय. मग ते वाकून मोटर वर-खाली करायचे. त्यांच्या कोपराजवळची मोटर, आणि आवाज मला विचारतात, हे मला विचित्र वाटायचं. वाटलं, मला त्यात गोडी लागावी म्हणून विचारत असतील. नव्या भरती झालेल्या पोरांना असंच शिकवत असतील जहाजावर.

दर आठवड्याला पहाटे गाडीत बसायचं आणि तिथं जायचं, असा नेम झाला. त्या पाण्याची सकाळ सुंदर असायची, हे मला कबूल आहे. धुक्यातून गुलाबी पायांचे रोहित पक्षी उठायचे तेव्हा मीही बोलायची थांबायचे. पण सौंदर्य किती वेळ पुरतं? घरात निदान स्वयंपाकघरातून हॉलमध्ये जाता येतं. रुसायचं झालं तर दुसरी खोली असते. इथं गुडघ्याला गुडघा लागलेला, पुढं जायची बंदी, चारी बाजूंना पाणी आणि मध्ये झाकणाखाली ते मेलेलं इंजिन, त्याच्यावर पाय ठेवायचा नाही. वारा असला तर शीड फुगायचं आणि मोटर बंद व्हायची. त्या शांततेत हे फार खूश दिसायचे. मी त्यांच्या खुशीकडं बघायचे आणि मनात म्हणायचे, एवढं आवडतं तर जा ना.

दिवाळीनंतर ते कागदपत्रांसाठी मुंबईला जाऊन आले. "काय झालं?" "कळवतील." पुढं काही नाही. संक्रांत झाली, ऊन जरा चटकायला लागलं, तशी मी माळ्यावरची त्यांची मोठी बॅग काढली. धुतली, गच्चीवर उन्हात टाकली. लोकरीचे मोजे, कानटोप्या, सगळं दोरीवर. मी गुणगुणत होते म्हणे. मला आठवत नाही. जिन्यात ते उभे होते, एवढं आठवतं. मग खाली गेले.

माघ संपत आला तसं पाणी उतरायला लागलं. कालव्यांना सोडलेलं, उसाला गेलेलं, उन्हानं प्यायलेलं. आमची बोट खोल बुडाची. जिथं पोपटच्या होड्या खुशाल जायच्या तिथं आमचं बूड चिखलाला लागायचं. मग फिरायची जागा कमी होत गेली. आज या टेकाडापर्यंत, पुढच्या आठवड्यात त्याच्याही अलीकडं. पाण्यातून धरणात गेलेल्या जुन्या गावच्या भिंती, वाळलेल्या बाभळींचे शेंडे वर येऊ लागले. हे दर वेळी हातातल्या काठीनं खोली बघायचे आणि बोट वळवायचे.

त्या दिवशी गाडीतच मी विचारलं होतं. सरळ. "तुम्ही जाणार आहात की नाही? मला कळलं पाहिजे." ते म्हणाले, "बघू." मी टेंभुर्णी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. बोटीत चढल्यावर मागं बसलेच नाही. पुढं, अगदी टोकाला जाऊन बसले, पाठ त्यांच्याकडं करून. त्यांनी दोनदा हाक मारली. मी मान वळवली नाही. मग त्यांनी मोटर आणखी खाली सोडली, पंखा पाण्यात राहील अशी, आणि आम्ही निघालो. वारा अजिबात नव्हता. पाणी ताटातल्या वरणासारखं सपाट.

मधोमध आल्यावर मोटरीचा आवाज बदलला. मला तो स्पष्ट ऐकू आला. आधी घुसमट, मग बारीक किंचाळी, उंच, कानात घुसणारी. मला वाटलं, आता हे बंद करतील. केली नाही. मला वाटलं, मुद्दाम करताहेत, मला मागं यायला लावायला. मी ठाण मांडून बसले. किंचाळी वाढली, काहीतरी फाटकन तुटलं, आणि मोटर मोकळी फिरायला लागली. मी वळून बघितलं. हे पुढं बघत होते. शांत. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मोटर त्यांच्या हाताखाली किंचाळत होती आणि ते पक्षी बघत होते.

मी उठून मागं गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, बंद करा ती."

मग त्यांनी बंद केली. पंखा वर उचलला तर त्यावर नायलॉनचं जाळं गच्च गुंडाळलेलं, आणि पंख्याची पिन तुटलेली. पाणी उतरल्यावर मच्छीमारांनी जाळ्यांच्या जागा बदलल्या होत्या. जाळं कापून काढता आलं, पिन मात्र दुसरी नव्हती. शीड वर केलं, ते वाळत घातलेल्या धोतरासारखं लटकत राहिलं. वल्हं एकच होतं, त्यानं ती जड बोट गोल फिरायची फक्त. मोबाइल गाडीत, पाण्यात पडतील म्हणून मीच ठेवायला लावलेले. पोपट ऊन उतरल्यावर जाळी बघायला येणार. तोवर आम्ही, ऊन आणि पाणी.

त्यांनी मधलं झाकण उघडलं आणि आतल्या इंजिनाकडं बघत बसले. हात लावला नाही. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला ऐकू येत नाही."

"माझं?"

"तुझं येतं. बारीक आवाज येत नाहीत. किंचाळी, शिट्टी, पक्षी. गेले ते." थांबून म्हणाले, "मुंबईला मेडिकल होतं. तिथं कानांत नापास झालो. इंजिनरूमला आता कुणी घेणार नाही. तेव्हाच कळवलं त्यांनी."

मला एवढा वेळ जे कळत नव्हतं ते सगळं एकदम कळलं. मिक्सरवरचा तळहात. टीव्हीचा मोठा आवाज. मागं बस, मागं बस. त्यांना वजन नको होतं, कान हवे होते. आणि हे सगळं कळलेलं असताना माझ्या मनात पहिली जी गोष्ट आली ती माया नव्हती. हे आता जाणार नाहीत, ही होती. कधीच जाणार नाहीत.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगणार होतो. त्या दिवशी वर आलो होतो सांगायलाच. तू बॅग वाळत घातली होतीस." त्यांनी झाकण लावलं. "इतक्या आनंदात मी तुला बघितलंच नव्हतं, कितीतरी दिवसांत. म्हटलं, राहू दे आणखी थोडे दिवस."

मी रडले. लपवून नाही, चांगली हमसून रडले. त्यांनी मला थोपटलं नाही, तशी सवयच नाही आम्हाला. वल्ह्यावरचा चिखल नखानं खरवडत बसले. रडणं संपल्यावर म्हणाले, "मी जावं असं वाटत होतं ना तुला?"

खोटं बोलायची ती वेळ नव्हती. "हो."

"मलाही वाटत होतं. मी घरात कुठं बसू तेच कळत नाही. जिथं बसतो ती तुझी जागा निघते."

ऊन डोक्यावर आलं. शीड अंगावर ओढून आम्ही त्याच्या सावलीत बसलो. दशम्या होत्या, चटणी होती, ते खाल्लं. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो त्यांनी त्याआधी कधीच विचारला नव्हता. "मी नसताना तू दुपारी काय करायचीस?"

मी सांगितलं. चहाच्या आधीचा एक तास मी मधल्या खोलीत, फरशीवर, उशीसुद्धा न घेता पडायचे. पंखा लावून. दार लावून. झोप लागली तर लागली. बेल वाजली तरी उठायचे नाही. शाळेत होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी, आणि त्या एका वर्षात रोज. त्या तासात मी कुणाची कुणी नसायचे.

"आणि आता?"

"आता तुम्ही चहाची वाट बघत बाहेर बसलेले असता. दिसत नाही, पण कळतं."

त्यांनी मान हलवली. ऊन उतरायला लागलं तेव्हा पोपटची होडी दिसली. त्यानं दोर टाकला, आम्हाला ओढत नेलं. "वैनी रडल्या व्हय?" त्यानं यांना विचारलं. "ऊन लागलं," हे म्हणाले. "लई ऊन हाय की," तोही म्हणाला.

बोट आम्ही पुन्हा पाण्यात घातली नाही. पाणी गेलं, ती काठावर कलली. अजून तिथंच आहे. पोपट म्हणतो, सावलीला बरी हाय. आतलं इंजिन आतच आहे.

आणि दुसऱ्या दिवसापासून हे दुपारी चपला घालून बाहेर पडायला लागले. चहाच्या आधी तासभर. कुठं जाता विचारलं, तर म्हणाले, जरा पाय मोकळे करतो. पहिले काही दिवस मला झोप लागली नाही, मग लागायला लागली. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. उन्हाळ्याच्या भर दुपारी जातात, थंडीत जातात. कुठं जातात, हे मी विचारायचं सोडून दिलं. वाचनालय असेल, कुणी मित्र असतील. खरं म्हणजे मी विचारच केला नव्हता. तो तास इतका माझा झाला होता.

बातमी वाचली त्याच दिवशी मल्लूच्या नातीच्या बारशाचं कापड बघायला मला नव्या पेठेत जावं लागलं. दुपारीच, हे बाहेर पडल्यावर. पाऊस चांगला लागलेला. रिक्षावाल्यानं कोपऱ्यावर सोडलं, भिजतच दुकानात शिरले. मल्लू खण काढून दाखवत होता. माझी नजर सहज काचेबाहेर गेली. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर, पत्र्याच्या वळचणीखाली, हे उभे होते. छत्री मिटलेली, कारण ती उघडायला जागाच नव्हती. एक खांदा पागोळ्यांत भिजत होता. मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होते, मग रस्त्याकडं, मग पुन्हा घड्याळाकडं.

"रोज असतात," मल्लू म्हणाला. "कधी हितं, कधी पुढच्या चौकात. किती वेळा बोलावलं मी. आत येत नाहीत. म्हणतात, दुकानात बसलो तर तू अक्काला सांगशील. एन माडूदु?"

काय करणार, खरंच. मी खण खाली ठेवला. मल्लूला म्हटलं, मी आले होते असं यांना सांगू नकोस. मागच्या बोळानं बाहेर पडले, रिक्षा केली, घरी आले. लुगडं बदललं, केस पुसले, मधल्या खोलीत जाऊन फरशीवर पडले. दार लावून घेतलं. झोप येणार नव्हतीच. पावसाचा आवाज ऐकत, छताकडं बघत, तो तास मी पुरा केला.

बाहेर फाटक वाजलं. मग पायरीवर पावलं. ते दाराशी आले, हळूच विचारलं, "झोपलीस का गं?"

त्यांना ऐकू जावं म्हणून मी जरा मोठ्यानं म्हणाले, "झोपले होते. छान लागली होती."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि ओल्या चपला बाहेरच काढून ठेवल्या.